वडिलांचा ३८६ आणि नवा एसएमपीएस: वायर कापण्याआधी

पारोळ्याहून एका भावांनी विचारलंय. वडिलांची कापसाची आडत होती. हिशोबासाठी १९९२ साली त्यांनी ३८६ प्रोसेसरचा संगणक घेतला, छोटा उभा टॉवर. पुढे तो वीसेक वर्षं माळ्यावर पडून राहिला. यंदा दिवाळीच्या आवराआवरीत खाली काढला, पुसला, बटण दाबलं, आणि आत ‘फट्’ होऊन जळका वास आला. दुकानदार म्हणतो, तसला एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा सप्लायचा डबा, आता मिळत नाही, आजचा टाकू, वायरी कापून जोडून देतो. करू का? शेवटी त्यांनी आपल्या अहिराणीत एक ओळ लिहिलीय, “हाई पेटी मना बापनी शे, फेकानी नही.”

भाऊ, आजचा एसएमपीएस तुमच्या ३८६ला नक्की चालतो. पण वायरी कापू देऊ नका, आणि बोर्ड तपासल्याशिवाय नवा सप्लाय लावू देऊ नका. एसएमपीएस गेला तर दुसरा आणता येतो. त्या काळचा धड मदरबोर्ड मात्र जळगाव, धुळे, भुसावळ तिन्ही ठिकाणी फिरलात तरी सहज हाती लागायचा नाही. म्हणून सगळी काळजी बोर्डाची घ्यायची. मी १९९४पासून जळगावात हे काम करतोय. जुन्या एसएमपीएसने मेलेल्या बोर्डांपेक्षा घाईत जोडलेल्या नव्या एसएमपीएसने मेलेले बोर्ड माझ्या टेबलावर जास्त आलेत.

आधी ‘फट्’ कशाने झालं ते सांगतो. एसएमपीएसच्या आत शिरल्या शिरल्या २३० व्होल्टचे साधारण ३२५ व्होल्ट डीसी होतात आणि ते दोन मोठ्या कपॅसिटरवर साठतात. त्यांच्या आत ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा एक पातळ थर असतो, त्याच्यावरच सगळा व्होल्टेज तोललेला असतो. वर्षानुवर्षं वीज मिळाली नाही की तो थर विरत जातो. आतला द्रवही वाळतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, पत्र्याखालचा माळा त्याहून तापतो. दर १० अंश वाढीला अशा कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं. अशा अवस्थेत एकदम पूर्ण व्होल्टेज दिला की तो फुटतो. पाठीमागचा लाल खटकाही बघून घ्या, तो ११५वर सरकलेला असेल तर आपल्या लाइनवर हाच प्रकार हमखास होतो. पुसताना फडक्याने सरकलेला खटका मी दोनदा पाहिलाय.

तो बंद एसएमपीएस कुतूहलाने उघडू नका. प्लग काढल्यावरही त्या दोन कपॅसिटरमध्ये बराच वेळ चार्ज राहू शकतो आणि तो जिवावर बेततो. उघडायचाच असेल तर हे काम रोज करणाऱ्याकडे द्या. आमच्याकडे प्रत्येक जुना एसएमपीएस पहिल्यांदा सिरीज बोर्डावरच चालू होतो, म्हणजे फेजमध्ये शंभरचा साधा पिवळा बल्ब जोडून. आत शॉर्ट असेल तर बल्ब भक्क पेटतो आणि सगळा भार स्वतःवर घेतो. धड असेल तर क्षणभर उजळून मंद होतो. तुमच्या घरी त्या दिवशी मध्ये असा बल्ब असता, तर ते ‘फट्’ बहुधा झालंच नसतं.

आता बोर्ड. ही पायरी वगळायची नाही.

मदरबोर्डवर कीबोर्डच्या सॉकेटजवळ निळी किंवा हिरवी, पिंपासारखी छोटी बॅटरी दिसेल. निकेल कॅडमियमची, ३.६ व्होल्टची. ती एव्हाना गळलेली असणार असं धरूनच चाला. तिच्यातलं अल्कली तांब्याच्या रेघांवर हिरवट बुरशीसारखं पसरतं आणि रेघा खात जातं. बॅटरी कापून काढा, जुन्या टूथब्रशने पांढरं व्हिनेगर लावून तो भाग घासा, मग स्वच्छ पाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. दोन दिवस सावलीत सुकू द्या. नंतर भिंगाने एकेक रेघ बघा. तुटलेली सापडली तर बारीक तारेने जोडता येते, पण वीज देण्याआधी.

दुसरं म्हणजे टँटलम कपॅसिटर. स्लॉटच्या आजूबाजूला चिंचोक्याएवढे पिवळे किंवा केशरी थेंब दिसतात, ते. १२ व्होल्टच्या लाइनवर अनेक बोर्डांत १६ व्होल्टचेच बसवलेले असायचे. त्यात मोकळीक फारच कमी, म्हणून म्हातारपणी ते शॉर्ट होतात. मीटर ओहमवर ठेवा आणि सप्लायच्या सॉकेटवर काळ्या पिनेपासून लाल, पिवळी, निळी आणि पांढरी, अशा चारही लाइन मोजा. काटा वर चढून स्थिरावला तर ठीक. एखादी लाइन एक-दोन ओहम दाखवून तिथेच थांबली तर शॉर्ट आहे. चाळीसगावकडचे एक गृहस्थ माझ्याकडे लागोपाठ तीन एसएमपीएस घेऊन आले होते, प्रत्येक वेळी “चालू होतो आणि लगेच बंद पडतो” ही एकच तक्रार. तिन्ही एसएमपीएस ठणठणीत होते. बोर्डवरचा एक पिवळा थेंब १२ व्होल्ट जमिनीला, म्हणजे ग्राउंडच्या काळ्या वायरीला, टेकवत होता, आणि सप्लाय आपला जीव वाचवायला बंद होत होता. पाच रुपयांचा भाग. बदलताना २५ व्होल्टचा घाला आणि प्लसची खूण पाहून बसवा. टँटलम उलटा बसला तर पेट घेतो.

बोर्ड या दोन्हींतून पार पडला की मग एसएमपीएस निवडायचा. तुमच्या संगणकात आहे ती सप्लायची एटी पद्धत, आयबीएमच्या १९८४च्या ‘एटी’ संगणकापासून चालत आलेली. १९९५मध्ये एटीएक्स ही नवी पद्धत आली, आजचे सप्लाय तिचेच. मधल्या काळात सप्लायचा स्वभावच बदलला. तुमचा ३८६ जवळजवळ सगळा ५ व्होल्टवर जगतो: प्रोसेसर, रॅम, कार्डं, सगळं. १२ व्होल्ट लागतात ते मुख्यतः हार्ड डिस्क आणि फ्लॉपीच्या मोटरला. आजचे संगणक याच्या नेमके उलट, सगळा जोर १२वर. म्हणून खोक्यावरचा ४५० वॅट हा आकडा तुमच्या कामाचा नाही. अंगावरचं लेबल वाचा, ‘प्लस ५ व्होल्ट’खाली किती ॲम्पिअर लिहिलेत ते बघा. अशा ३८६वर, दोन-तीन कार्डं आणि एक डिस्क धरून, मला ५ व्होल्टवर सहा ॲम्पिअरच्या आसपास करंट मिळालाय. लेबलवर १५ असले तरी पोटभर झाले.

स्वस्त एटीएक्समध्ये आणखी एक खोड असते. त्यात ५ आणि १२ दोन्ही लाइन एकाच दोरीने बांधलेल्या असतात, सप्लाय दोघींची सरासरी सांभाळतो. ५वर भार पडला आणि १२ रिकामी राहिली, की ५ खाली दबते आणि १२ वर चढते. बोर्डाला ४.७५ ते ५.२५ एवढीच मुभा आहे. ५ व्होल्ट ४.७वर गेले की संगणक चालू होतो, रॅम मोजतो आणि मधेच गोठतो. लोक मग रॅम बदलत बसतात. यावर माझा वर्षानुवर्षांचा उपाय म्हणजे मोटरसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, १० वॅटचा बल्ब पिवळ्या आणि काळ्या वायरीत जोडणं. एक ॲम्पिअरच्या आतबाहेर भार पडतो आणि दोन्ही लाइन ताळ्यावर येतात. बल्ब तापतो, म्हणून त्याला होल्डरमध्ये, पत्र्याला धरून, वायरींपासून लांब बसवा. चांगल्या प्रतीच्या एटीएक्समध्ये ५ व्होल्ट १२पासून वेगळ्या सर्किटने बनवतात, तिथे बल्बाची गरज पडत नाही. परवडत असेल तर तसलाच घ्या.

आता ज्यावरून तुम्ही अडलात ती जोडणी. मदरबोर्डवर सहा-सहा पिनांचे दोन प्लग एका ओळीत बसतात, पी-८ आणि पी-९. बसवताना दोन्हींच्या काळ्या वायरी मध्ये, एकमेकींना चिकटून आल्या पाहिजेत. आम्ही नव्या पोराला पहिल्या दिवशी हेच शिकवतो: काळं काळ्याला लागून. उलटं बसलं तर बोर्ड गेला म्हणून समजा. एटीएक्सच्या मोठ्या प्लगवरून या दोन प्लगांवर येणारी तयार जोडकेबल मिळते. तीच घ्या, म्हणजे जुन्या-नव्या कुठल्याच सप्लायची वायर कापावी लागत नाही आणि उद्या विचार बदलला तर सगळं जसंच्या तसं परत करता येतं. कापून, पिळून, काळी टेप गुंडाळलेले जोड मी उन्हाळ्यात खूप बघितलेत. टेपचा डिंक पातळ होतो, टेप सरकते, उघडी तार शेजारणीला टेकते.

जोडकेबल आणली तरी तिच्या भरवशावर राहू नका, रंगांचा घोळ इथेच होतो. जुन्या पी-८वर पहिली वायर केशरी असते. ती ‘पॉवर गुड’. सप्लाय चालू झाल्यावर सगळे व्होल्टेज स्थिर होईपर्यंत, म्हणजे साधारण १०० ते ५०० मिलिसेकंद, ती बोर्डाला थांबवून ठेवते आणि मग ५ व्होल्ट देऊन ‘आता हो सुरू’ म्हणते. एटीएक्समध्ये हेच काम राखाडी वायर करते. एटीएक्सची केशरी वायर म्हणजे ३.३ व्होल्ट, तिचं तुमच्या ३८६मध्ये काहीच काम नाही. ‘केशरीला केशरी’ म्हणून जोडलं की संगणक एखाद्या सकाळी चालू होतो आणि दुसऱ्या सकाळी नुसता पंखा फिरतो, कारण बोर्डाला थांबायला सांगणारं कुणी उरलेलं नसतं. बाकी रंग जुळतात: लाल ५, पिवळी १२, निळी उणे १२, काळी जमीन. जांभळी वायर बटण बंद असतानाही ५ व्होल्टने जिवंत असते, तिचं टोक कुठे उघडं राहू देऊ नका.

राहिली पांढरी, म्हणजे उणे ५ व्होल्ट. आजच्या एटीएक्समध्ये ती लाइनच नाही, २००३च्या सुमारास ती मानकातूनच गेली. तुमच्या साध्या जोडकेबलमधली पांढरी वायर त्यामुळे रिकाम्या जागी जाऊन थांबते. ३८६च्या मदरबोर्डाला ती बहुधा लागत नाही, पण एखाद्या जुन्या कार्डाला लागू शकते. हे घरी तपासता येतं. कार्ड हातात धरा. ज्या बाजूला चिपा नाहीत, फक्त सोल्डरचे ठिपके आहेत, ती बाजू डोळ्यांसमोर घ्या. पत्र्याच्या पट्टीकडून सोनेरी बोटं मोजायला लागा: पहिलं जमीन, तिसरं ५ व्होल्ट, पाचवं उणे ५. त्या पाचव्या बोटातून वर रेघ गेलीय का, भिंगाने पाहा. बोट नुसतंच असेल, किंवा जागा कोरीच असेल, तर कार्डाला उणे ५ नको. सगळी कार्डं अशी निघाली तर विषय संपला.

एखाद्या कार्डाला हवंच असेल तर ७९०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर निळ्या वायरीच्या उणे १२वरून उणे ५ बनवून देतो. पण त्याला अधिक ५ व्होल्ट देणाऱ्या ७८०५चा भाऊ समजू नका. ७८०५ची पाठीची पत्री जमिनीला असते. ७९०५ची पत्री त्याच्या इनपुटला, म्हणजे उणे १२ व्होल्टला जोडलेली असते. अभ्रकाचा तुकडा न ठेवता तो कॅबिनेटच्या पत्र्याला स्क्रूने आवळला की उणे १२ थेट शॉर्ट. पायांचा क्रमही वेगळा: पहिला जमीन, मधला इनपुट, तिसरा आउटपुट. शेजारच्या छोट्या कपॅसिटरचं प्लस टोक जमिनीकडे येतं. आणि निळ्या लाइनवरून आजचे सप्लाय अगदी थोडा करंट देतात, तेव्हा दुसरं काही तिच्यावर टांगू नका. सिरियल पोर्टची चिपही त्याच उणे १२वर चालते, वडिलांचा जुना माऊस त्या पोर्टवर असणार.

संगणक याहून जुना असता, १६ किलोबिटच्या ४११६ रॅम चिपा असलेला, तर मी वेगळं सांगितलं असतं. त्या चिपांना उणे ५ मिळालं नाही आणि बाकीचे व्होल्टेज आले, तर त्या जळतात. तिथे उणे ५ची तयारी झाल्याशिवाय बटणाला हातच लावायचा नाही.

बटणाचं काम शांतपणे, दिवसा उजेडी करा. तुमच्या टॉवरच्या पुढच्या बटणापर्यंत जुन्या एसएमपीएसमधून चार वायरींची जाड काळी केबल जाते, आणि तिच्यात थेट घरची २३० व्होल्टची लाइन असते. एटीएक्सला याची गरज नाही, त्याला हिरवी वायर काळीला टेकवली की तो सुरू होतो. तुमचं बटण दाबल्यावर आत राहणारं आहे, ते इथे छान चालतं: जाड केबल बटणापासून पूर्ण काढा, जुन्या एसएमपीएसबरोबर गुंडाळून ठेवा, आणि बटणाच्या दोन टोकांना जोडकेबलमधून आलेली हिरवी आणि काळी वायर लावा. जुनी केबल अर्धवट बटणाला लटकलेली आणि शेजारी नवी जोडणी, असं एक क्षणही ठेवू नका. मागच्या पंख्याची आणि स्क्रूंची जागा १९९०नंतरच्या लहान टॉवरमध्ये बहुतेक वेळा जुळते: रुंदी १५ सेंटिमीटर आणि उंची साडेआठच्या आसपास असेल तर नवा तसाच बसेल. नाही जुळली तर कॅबिनेटचा पत्रा कापू नका, जुन्या एसएमपीएसच्या रिकाम्या डब्यात छोटा सप्लाय बसवता येतो.

आपल्याकडच्या विजेबद्दल दोन शब्द. पारोळ्याकडे संध्याकाळी शेतातल्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज किती खाली जातो हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ॲक्टिव्ह पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) असलेला आजचा सप्लाय ९० ते २६४ व्होल्टपर्यंत निभावून नेतो, त्याला मागे खटकाच नसतो. जुन्याच्या मानाने हा मोठा दिलासा. पण असा सप्लाय घरच्या स्वस्त स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर कधी गुणगुणतो, कधी बंद पडतो. लाइट गेली की संगणकही बंद करा. डीपीवरचा न्यूट्रल ढिला झाला तर घरात तीनशेच्या वर व्होल्टेज शिरतो, तिथे कुठलाच एसएमपीएस टिकत नाही. काम झालं की प्लग काढून ठेवत जा. आणि अर्थिंग खरोखर आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही. दोन पिनांचा प्लग लावून हा संगणक कधीच चालवू नका.

स्पेक्ट्रम किंवा बीबीसी मायक्रो, हे १९८०च्या दशकातले छोटे संगणक, असलेलेही मला विचारतात, म्हणून थोडक्यात. स्पेक्ट्रमला ९ व्होल्टचा नवा ॲडॅप्टर चालतो, पण त्याच्या पिनेत मध्यभागी उणे असतं. बाजारातले बहुतेक ॲडॅप्टर याच्या उलट असतात. मीटरने बघितल्याशिवाय टोचू नका. १९८४च्या ‘क्लास’ या शाळांत संगणक शिकवण्याच्या सरकारी प्रकल्पातून आलेल्या बीबीसी मायक्रोंचा सप्लाय मी बदलत नाही, दुरुस्तच करतो. मेनच्या तोंडाशी बसलेला तडे गेलेला कागदी कपॅसिटर काढून त्याच कामासाठी बनलेला एक्स-२ प्रकारचा नवा घालायचा, सोबत बाकीचे १०५ अंशांचे नवे कपॅसिटर, आणि तो पुन्हा उभा राहतो. तुमच्या ३८६चाही जुना सप्लाय असाच दुरुस्त होऊ शकेल. पण रोज चालवणार असाल तर नवाच लावा. जुना मात्र टाकू नका, पेटीबरोबर ठेवा.

पहिल्यांदा चालू करायच्या दिवशी बोर्डावर काहीच नको. नुसता नवा सप्लाय, जोडकेबल आणि तो इंडिकेटरचा बल्ब. पी-८, पी-९ मोकळे असताना त्यांच्या बाराही पिना मीटरने मोजा आणि कागदावर लिहा. सगळं बरोबर आलं की बंद करून बोर्डावर लावा. बोर्डावर फक्त रॅम आणि व्हिडिओ कार्ड ठेवा. चालू झाल्यावर लगेच लाल-काळ्यात पुन्हा मोजा. बॅटरी काढलेली असल्याने ‘सीमॉस’ची, म्हणजे बॅटरीवर सेटिंग लक्षात ठेवणाऱ्या मेमरीची, तक्रार पडद्यावर येईल. ती आली म्हणजे बोर्ड जिवंत आहे.

हार्ड डिस्क सगळ्यात शेवटी. बॅटरीबरोबर बोर्ड तिची मापं विसरलाय आणि त्या काळच्या अनेक बोर्डांना ती आपोआप ओळखता येत नाहीत. म्हणून डिस्क बसवण्याआधीच तिच्या लेबलावरचे सिलिंडर, हेड आणि सेक्टरचे आकडे वहीत उतरवून घ्या, सेटअपमध्ये बहुधा टाइप ४७ निवडून तेच भरायचे असतात. डिस्क फिरली आणि ‘सी’ची खूण आली, तर कुठलाही प्रोग्राम उघडून बघू नका. आधी वडिलांच्या हिशोबाच्या फायली फ्लॉपीवर उतरवा, त्याही दोन-दोन प्रती. इतक्या वर्षांनी फिरलेली डिस्क दुसऱ्यांदा फिरेलच असं नाही. मोजताना कुठला आकडा खटकला तर तिथेच थांबा आणि बोर्ड इकडे घेऊन या. आणताना थर्माकोल किंवा साध्या प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, त्यातली स्थिर वीज चिपा मारते. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा.